कोलाडचं राफ्टिंग आणि त्याला बांधलेलं पॅकेज

आधी गुण सांगून टाकते, म्हणजे ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांची सोय होईल. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडजवळचं कुंडलिका नदीवरचं राफ्टिंग: पाचपैकी पाच. राफ्टवरचा गाइड: पाच, आणखी देता आले असते तर दिले असते. बर्मा ब्रिज: एक, तोही फोटो बरे आले म्हणून. जेवण: दीड. झिपलाइन: शून्य. बायकांची कपडे बदलायची खोली: तिला गुण देण्यापेक्षा तिच्याबद्दल खाली चार ओळी लिहिल्यात त्या वाचा.

कॅम्पचं नाव देत नाही. देऊन फारसा उपयोगही नाही. बुकिंग घेतलं एकाने, जेवण आणि झिपलाइन त्याची, पण राफ्ट, लाइफ जॅकेट आणि गाइड दुसऱ्याच मंडळींचे निघाले, आणि हे आम्हाला नदीवर पोचल्यावर कळलं. शेजारच्या दोन कॅम्पमधली माणसंसुद्धा तिथेच, त्याच रांगेत उभी होती. त्यामुळे पाटी कुठलीही असली तरी नदी तीच मिळते. फरक पडतो तो नदीच्या आधी आणि नंतर.

आम्ही पाच जणी, कॉलेजपासूनच्या. नावं छापली तर उद्या फोन येतील, म्हणून पुण्याच्या रिवाजाप्रमाणे पत्त्यावरूनच ओळखा: कोथरूड, औंध, बिबवेवाडी, सिंहगड रोड, आणि मी चिंचवड. सगळ्या पन्नाशीला टेकलेल्या. मी चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी बघते. क्रेनचे हुक, शॅकल, भार उचलायचे पट्ट्याचे स्लिंग तपासून 'चालेल' किंवा 'बाद' असा शेरा मारणं हे माझं पोटापाण्याचं काम. तेव्हा हा रिव्ह्यू थोडा चिकट होणार आहे.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, शुक्रवारी रजा टाकून गेलो. शनिवार-रविवार जाऊ नका, एवढं बोलून तो विषय संपवते. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे असा रस्ता घ्यायचा. शंभरेक किलोमीटर आहे, पण तीन तास धरा. चांदणी चौकातून साडेपाचला निघालो. नवीन पूल झाल्यापासून तो चौक पहाटे चटकन सुटतो, सुटत नाही ते भूगाव आणि पिरंगुट. कंपन्यांच्या बस सुरू झाल्या की तिथे अर्धा तास सहज जातो. घाटात सोनकी फुलली होती, सगळे उतार पिवळे. औंधला प्रत्येक वळणावर उतरून फोटो काढायचे होते. वळणावर गाडी लावू नका हो. समोरून येणाऱ्याला ती दिसत नाही, आणि सोनकी परतीच्या वेळीही तिथेच असते.

पहाटे निघण्याबद्दल कॅम्पवाल्याशी घासाघीस करू नका, त्याच्या हातात काही नसतं. कुंडलिकेला पाणी कधी येणार हे वीजघर ठरवतं. मुळशीचं धरण मुळा नदीवर. त्या पाण्याने खरं तर पूर्वेला यायचं, औंध-बोपोडीवरून संगमावर, मग भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पण धरणात अडवलेलं पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून घाटाच्या पश्चिमेला, भिऱ्याला, पाचशे मीटरच्या आसपास खाली सोडतात. १९२७ सालापासून तिथे त्यावर वीज होते. भिऱ्याहून सुटलेलं पाणी थोडं खाली रवाळज्याला पुन्हा एकदा टर्बाइन फिरवतं आणि मग कुंडलिकेत येतं. तिथून रोहा, रेवदंडा, अरबी समुद्र. सकाळी वीज झाली की त्याच पाण्यावर राफ्ट सुटतात. पाणी बंद झालं की दिवस संपला, मग तुम्ही आगाऊ पैसे भरलेले असोत नाहीतर नसोत.

हे मी गाडीत सांगत होते तेव्हा कोथरूड खिडकीबाहेर मुळशीच्या जलाशयाकडे बघत होती. तिच्या आजीचं माहेर मुळशी पेट्यातलं, ते गाव पाण्याखाली गेलं. १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव त्याच लढ्यात मिळालं, तरी धरण व्हायचं ते झालंच. पुढे काउंटरवर पैसे भरताना ती तिथल्या मुलाला म्हणाली, "अरे, आमच्या गावावरून आलेलं पाणी आहे हे. मला तिकीट माफ पाहिजे." त्याने आत जाऊन खरंच कोणाला तरी विचारलं. सूट नाही, असं उत्तर आलं.

साजे गावाजवळ नदीवर उतरलो तेव्हा पात्रात दगडच दगड आणि मधून गुडघाभर ओहोळ. बिबवेवाडी म्हणाली, "ह्याच्यात राफ्ट चालवणार की ढकलणार?" साडेनऊच्या सुमाराला कोणीतरी ओरडलं, पाणी आलं. बघता बघता आमच्यासमोरचा एक म्हशीएवढा दगड दिसेनासा झाला, काठावरचं गवत आडवं झालं आणि बोलायला आवाज चढवावा लागला. धरणाखालच्या नदीत 'जरा पाय बुडवून येते' म्हणून उतरू नये असं आपण नुसतं ऐकलेलं असतं. ज्यांच्याबरोबर मुलं असतील त्यांनी हा प्रकार त्यांना काठावर उभं करून दाखवावा.

आता गाइड. रोह्याकडचा मुलगा, पंचविशीचा. सुरुवातीलाच आम्हाला 'मावशी' म्हणाला. बिबवेवाडीने "ताई म्हणायचं" अशी दुरुस्ती केली, ती त्याने निमूट मानली. मग त्याने जे बोलायला सुरुवात केली ते मी शेवटपर्यंत अक्षर न् अक्षर ऐकलं, आणि सेफ्टीचं भाषण अक्षर न् अक्षर ऐकणं माझ्या बाबतीत दुर्मिळ आहे.

आधी जॅकेट. पट्टे त्याने असे आवळले की लहानपणी नऊवारी नेसवणाऱ्या आजीची आठवण यावी. आवळून झाल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहिलं. जॅकेट हनुवटीपर्यंत आलं तर पुन्हा पहिल्यापासून. सिंहगड रोडचं दोनदा झालं. मग हेल्मेटचा पट्टा, बोट आत घालून. मग वल्हं: वरच्या मुठीवरचा हात कधीही सोडायचा नाही, तो सुटला तर शेजारणीचे दात जातात. मग पाय: राफ्टच्या आडव्या फुगीर नळीखाली नीट खोचायचे, कारण वर धरायला काही नसतं, माणूस पायांवर टिकतो. औंधने विचारलं, "नुसते टेकवले तर?" "टेकवले तर पडाल, ताई."

आणि पडल्यावर काय, हे सगळ्यात जास्त वेळ. पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पावलं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. काहीही झालं तरी उथळ पाण्यात उभं राहायला जायचं नाही, कारण दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की मांडीइतकं पाणीसुद्धा माणसाला आडवं करून दाबून ठेवतं. दोराची पिशवी फेकली तर पिशवी सोडून दोर पकडायचा, खांद्यावर घ्यायचा, हाताला कधीच गुंडाळायचा नाही. पोहता येतं का हे त्याने विचारलं, पण येत नसलं तरी चालतं. चौदा वर्षांखालच्यांना मात्र घेत नाहीत. आमच्यासमोर एका कुटुंबाने मुलगा पुढच्या महिन्यात चौदाचा होतोय म्हणून पुष्कळ गयावया केली. "मग पुढच्या महिन्यात या," एवढंच उत्तर मिळालं. माझ्या मनात त्या मंडळींचे पाचातले चार गुण तिथेच पक्के झाले होते.

राफ्टमध्ये आम्ही पाच जणी आणि सोलापूरचं एक नवं जोडपं. नवरा पुढे बसायला उत्सुक, बायको त्याला मागून जॅकेटला धरून. सुरुवातीला शांत पाण्यात 'फॉरवर्ड', 'बॅक', 'स्टॉप', 'गेट डाउन' यांची कवायत झाली. गेट डाउन म्हणजे बसायची जागा सोडून आत खाली बसायचं, वल्हं उभं धरून. आमची वल्ही एकमेकींवर आपटत होती; सगळ्यांनी पुढच्या उजव्या माणसाकडे बघून मारायचं असतं, आणि पुढे उजवीकडे सोलापूर बसले होते, जे मागे बायकोकडे बघत होते. गाइडने त्यांना मधे घेतलं आणि पुढे कोथरूडला बसवलं. त्यानंतर राफ्टला लय आली. कोथरूडने आयुष्यभर हायस्कूलच्या मुलांना कवायत शिकवली आहे.

खळाळांना जगभर एक ते सहा अशी श्रेणी लावतात. कुंडलिका दोन-तीनमध्ये येते. म्हणजे भीती वाटते, पण विचार करायला वेळ मिळतो. ऋषिकेश करून आलेल्यांनी नाक मुरडायचं तर मुरडावं. पहिल्या मोठ्या लाटेत राफ्टचं नाक वर गेलं, मग एकदम खाली, आणि माझ्या चष्म्यावरून नदी गेली. चष्मा वाचला, कारण घरूनच बुटाच्या नाडीने मागे बांधून आणला होता. दुसऱ्या खळाळात आमचा गाइड ताई-बिई विसरला, "मावशी, वाका! वाका!" सगळ्या वाकल्या. बिबवेवाडी सुद्धा.

राफ्टच्या तळाला कडेने भोकं असतात. आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं, हे तिचं कौशल्य. सिंहगड रोडला कोणी हे सांगितलं नव्हतं, ती भोकाकडे बघून "अगं, फाटलंय!" म्हणून ओंजळीने पाणी उपसत राहिली, आणि गाइडनेही बराच वेळ तिला थांबवलं नाही.

एकंदर बाराएक किलोमीटर, पावणेदोन तास. शेवटचा टप्पा संथ असतो आणि तिथे पाण्यात उतरू देतात. औंधला पोहता येत नाही, ती सर्वांत आधी उतरली. पाठीवर पडून, हेल्मेटसकट, आकाशाकडे बघत पाव किलोमीटर तरंगत गेली. शेजारून कयाकवाला, म्हणजे एकट्याच्या छोट्या होडीतला, पोरगा सावकाश वल्हवत होता, तो तिच्या हाताच्या अंतराबाहेर एकदाही गेला नाही. तिला परत राफ्टमध्ये घेताना गाइडने जॅकेटच्या खांद्यांना धरून आधी तिला किंचित पाण्यात दाबलं आणि वर येणाऱ्या उसळीबरोबर आत ओढलं. चार बायकांनी ओढून जे झालं नसतं ते एका झटक्यात झालं. काम येणाऱ्या माणसाचं काम बघायला मला आवडतं. पैसे इथेच फिटले.

यानंतर कॅम्पवर परत, आणि पॅकेजमधले उरलेले 'साहसी खेळ'.

बर्मा ब्रिज म्हणजे दोन दोरांवर चालणं. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर होता. झालं.

झिपलाइनच्या मचाणावर मात्र मी वीसेक मिनिटं उभी होते आणि शेवटी खाली उतरले. कारणं सांगते. तारेवरून लटकताना अंगाला बांधतात त्या हार्नेसचे पट्टे मूळचे लाल असावेत, आता गुलाबी झाले होते. नायलॉनचा पट्टा उन्हात राहिला की रंगाबरोबर ताकदही जाते. बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या कापडी हार्नेसचं आयुष्य, न वापरता कपाटात ठेवला तरी, जास्तीत जास्त दहा वर्षं सांगतात, म्हणून आतल्या चिठ्ठीवर उत्पादनाचं साल असतं. इथे चिठ्ठ्याच नव्हत्या. आमच्याकडे चिठ्ठी नसलेला स्लिंग मी कात्रीने कापायला लावते, म्हणजे कोणी गुपचूप परत वापरणार नाही. हेल्मेटांच्या एका पट्ट्याला बक्कल नव्हतं, गाठ मारलेली होती.

आणि कॅराबिनर. हा कडीसारखा अडकवायचा हुक, त्याच्या फाटकाला फिरवून बंद करायची स्क्रू असते. फाटक बंद असताना साधारण चोवीस किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ अडीच टनांचा भार, पेलणारी कडी, फाटक उघडं असताना सातच्या आसपास पेलते. हे आकडे तिच्या अंगावरच कोरलेले असतात, वाचता आले की पुरे. मचाणावरचा मुलगा एका हाताने कडी अडकवत होता, दुसऱ्या हातात फोन. स्क्रू फिरवतच नव्हता. मी म्हटलं, "अरे, हे बंद कर." तो म्हणाला, "मॅडम, रोज एवढी माणसं जातात, आजपर्यंत काही झालं नाही."

हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकल्यावर माझे हात आपोआप वही शोधतात.

सिंहगड रोड आणि बिबवेवाडी तरीही गेल्या. "तू कारखान्यात ये, इथे सुट्टी आहे," असं मला सांगून गेल्या. त्यांच्या कड्या मी स्वतः फिरवून बंद केल्या, हार्नेस त्यातल्या त्यात कमी गुलाबी निवडून दिले, आणि पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत बोलले नाही. दोघींना भरपूर मजा आली, हेही लिहिलं पाहिजे. पण एकाच दिवशी, एकाच पावतीवर, नदीवर एवढी शिस्त आणि मचाणावर हे, याचा मेळ मला अजून लागत नाही.

जेवण 'अनलिमिटेड'. पनीर लाल रश्शात, नूडल्स, गुलाबजाम. रायगड जिल्ह्यात, जिथला वाल घ्यायला आम्ही पुण्याहून पिशव्या घेऊन येतो, तिथे नूडल्स! कोथरूडने ताट तसंच ठेवलं आणि आम्ही बाहेर रस्त्यावर एका काकूंच्या घरगुती खानावळीत जाऊन पुन्हा जेवलो: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, सोलकढी. काकूंनी विचारलं, "पोपटीला या की थंडीत." जायचंय. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजवलेल्या वालाच्या शेंगांसाठी मी झिपलाइनसुद्धा माफ करेन. म्हणजे, नाही करणार.

कपडे बदलायची खोली. एकच, कडी आतून लागत नाही, एक बाहेर पहारा देणार तेव्हा दुसरी आत. खुंट्या दोन. फरशीवर चिखल. राफ्टिंग म्हणजे माणूस आपादमस्तक भिजणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं, तरीही बायका भिजल्यावर काय करतील याचा विचार कोणी केलेला दिसला नाही. मोठा गाऊन किंवा जुनी चादर बरोबर न्या, ती डोक्यावरून घेऊन आत काहीही बदलता येतं. पायांत मागे पट्टा असलेल्या सँडल; साध्या चपला नदी घेऊन जाते. मोबाइल गाडीतच ठेवा. काठावरून फोटो काढणारी मुलं असतात, भाव निम्म्यावर येतो.

हंगामाचं म्हणाल तर पाणी धरणाचं असल्यामुळे हे वर्षभर चालतं, नदीला पूर आला तेव्हा सोडून. उन्हाळ्यातही जाता येतं, फक्त भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलंय, हे लक्षात ठेवून काठावर हेल्मेट घालून पाण्याची वाट बघायची तयारी ठेवा. आम्ही गेलो तो काळ सगळ्यात चांगला वाटला: हिरवं सगळं शाबूत, पाऊस उतरलेला.

बुकिंगचा फोन करताना कॅम्पच्या स्विमिंग पूलबद्दल विचारू नका, ते ते स्वतःच सांगतात. राफ्टिंग कोणाचं आहे ते विचारा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ सालचं आहे, त्यानुसार अशा मंडळींना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तिचं प्रमाणपत्र मोबाइलवर पाठवायला सांगा. राफ्टबरोबर वेगळा कयाकवाला असतो का, हेही. पॅकेजचे आम्ही माणशी दोन हजारांच्या थोडं वर दिले. नुसत्या राफ्टिंगचे निम्म्याहून जरा जास्त पडतात, हे सोलापूरकरांकडून कळलं. तेव्हा नुसतं राफ्टिंग मिळेल का, असं स्पष्ट विचारा. आधी नाही म्हणतात. "बरं, मग राहू दे" म्हणून फोन ठेवायला लागलात की मिळतं.